विक्रम गोलांचा आहे, गुणांचा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५वा गोल करून सर्वाधिक गोलांच्या विक्रमात वेन ग्रेट्स्कीला मागे टाकले. आपल्या क्रीडा पानावर ही बातमी आली, याचा मनापासून आनंद वाटला. मात्र तिच्यात 'सर्वाधिक गुण' असा उल्लेख आहे, तो कृपया दुरुस्त करावा. आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, तसाच त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही एकेक गुण मिळतो. ग्रेट्स्कीचे ८९४ गोल आणि असे १,९६३ पास मिळून २,८५७ गुण होतात. त्याचे नुसते पास मोजले तरी ते इतर कोणाच्याही एकूण गुणांपेक्षा जास्त भरतात. तो विक्रम जागचा हललेला नाही.

म्हणून ओव्हेच्किनचे काम लहान ठरत नाही. योगायोग असा की ग्रेट्स्की कारकिर्दीत १,४८७ सामने खेळला आणि ओव्हेच्किनचा हा गोलही १,४८७व्याच सामन्यात झाला. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत, आता सहाच्या आसपास होतात. गोलरक्षकांचे पॅड मोठे झाले आणि त्यांचे तंत्रही सुधारले. शिवाय २००४ साली वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडूनही संघमालक आणि खेळाडूंच्या वादातून झालेल्या टाळेबंदीमुळे ओव्हेच्किनचा पहिला हंगाम पूर्ण बुडाला. पुढे २०१२-१३ चा हंगाम ४८ आणि २०२०-२१ चा ५६ सामन्यांवर आला. तेव्हा पूर्ण हंगाम ८२ सामन्यांचा असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पायाचे हाड मोडले, १६ सामने हुकले, आणि परतला त्याच सामन्यात त्याने गोल केला. तेव्हा वय ३९ होते.

बातमीत 'जोरदार फटका' एवढेच आहे. खरी गंमत त्या फटक्याच्या जागेत आहे. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू नियमभंगाच्या शिक्षेमुळे दोन मिनिटे बाहेर बसला की पॉवर प्ले सुरू होतो (क्रिकेटमधला नव्हे). तेव्हा ओव्हेच्किन गोलाकडे तोंड करून, बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळात उभा राहतो. एरवी खेळाडू पाऊण मिनिटात दमून बदली घेतो. हा मात्र बहुधा पूर्ण दोन मिनिटे बर्फावरच असतो. मैदानी हॉकीत सर्वांची स्टिक एकाच हाताची असते, इथे डावी-उजवी दोन्ही चालतात. तो उजव्या हाताचा असल्याने डावीकडे उभा राहिला की उजवीकडून आलेला पास अंगावरून न जाता थेट स्टिकच्या पात्यासमोर येतो. चकती (इथे चेंडूऐवजी रबरी चकती असते) न थांबवता मारायची असते. पाते चकतीच्या काही सेंटिमीटर आधी बर्फाला टेकते, कार्बन फायबरचा दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना साठलेला जोर चकतीला देतो. पास वितभर मागे पडला तर चकती पात्याच्या टाचेला, म्हणजे दांड्याकडच्या टोकाला, लागून भलतीकडे जाते. क्षणभर उशीर झाला तर गोलरक्षक १८३ सेंटिमीटरच्या जाळ्यासमोर एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकून पोचतो. चकती सामन्याआधी गोठवतात तीही याचसाठी, कारण ऊबदार रबर उसळते आणि उसळलेल्या चकतीवर असा फटका बसत नाही. ८९५वा गोल याच वर्तुळातून, पॉवर प्लेमध्येच झाला. कुठून मारणार हे वीस वर्षे सगळ्यांना ठाऊक होते, तरी तो अडवता आला नाही. आपल्याकडे पेनल्टी कॉर्नरचे बारकावे जाणणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांना हे नक्की आवडेल.

दुरुस्ती छापताना शक्य झाल्यास रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, छोटी आकृतीही द्यावी: लांबी ६१ मीटर, रुंदी २६ मीटर, आणि डावीकडचे ते वर्तुळ ठळक.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे