‘कॉमन’ फोल्डर मोकळं करून दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते आमच्यासारख्या आणखी कितीतरी छोट्या टीमना हवं आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, पशुखाद्य, उचल, दहा दिवसांचं बिल, दिवाळीचा दर फरक, अशी त्याची मॉड्यूल्स, म्हणजे कोडचे वेगवेगळे भाग. आणि या सगळ्यांच्या मधोमध ‘कॉमन’ नावाचं फोल्डर. तारखा, पूर्णांकन, सभासद क्रमांक, एसएनएफचं (दुधातल्या फॅट सोडून उरलेल्या घन भागाचं) सूत्र, मराठी छपाई; जे दोन ठिकाणी लागलं ते तिथं जाऊन पडलेलं. पावतीवरची एक ओळ सरकवली तरी सगळी मॉड्यूल्स नव्यानं तपासावी लागत. बिलाच्या आदल्या दिवशी तर त्या फोल्डरला हात लावायला कोणी धजत नसे.

तुम्ही पुण्यातली नोकरी सांभाळून सुट्टीला घरी यायचात आणि त्यातला वेळ आम्हाला द्यायचात, एक रुपया न घेता. पहिल्याच बैठकीत तुम्ही विचारलंत, “हा कोड कोण वापरतं ते राहू दे. हा बदलायला कोण लावतं?” ताई, आमचं सगळं काम त्या प्रश्नानं फिरवलं.

एसएनएफचंच बघा. सीएलआरला, म्हणजे लॅक्टोमीटरच्या दुरुस्त केलेल्या आकड्याला, चारनं भागायचं, त्यात फॅटचा ठरावीक हिस्सा मिळवायचा आणि शेवटी एक स्थिरांक. हा स्थिरांक सगळीकडे एकच नसतो, दूध संघ बदलला की तोही बदलू शकतो. आमच्याकडे सूत्र कॉमनमध्ये होतं, पण स्थिरांक संकलनात, बिलात आणि अहवालात वेगवेगळा लिहिलेला. तुम्ही ‘दर’ नावाचं स्वतंत्र मॉड्यूल करायला लावलंत. म्हैस की गाय, फॅट किती, सीएलआर किती एवढं त्याला द्यायचं आणि लिटरचा दर घ्यायचा. आत सूत्र कुठलं, दरपत्रक कुठलं, हे बाहेर कुणाला कळायचं कारणच नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच मांडलं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत: कामाच्या पायऱ्या बघून मॉड्यूल पाडू नका, जो निर्णय पुढं बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या आत झाका. पन्नास वर्षांपूर्वीचा विचार आमच्या दुधाच्या बिलाला इतका चपखल बसतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पूर्णांकनाचा धडा मात्र आम्हाला जड गेला. दूध बिलात सुटे पैसे पुढच्या बिलात ओढायचे, पशुखाद्यात जवळच्या रुपयाला आणायचं. दोन्हींसाठी एकच फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) होतं आणि प्रत्येक नव्या गरजेला त्यात एकेक ट्रू-फॉल्स पर्याय वाढत गेलेला. तुम्ही म्हणालात, याचे दोन तुकडे करा आणि ज्याचा तुकडा त्याच्या मॉड्यूलमध्ये ठेवा. त्यामुळं चार ओळी दोनदा लिहिल्या जाणार होत्या, आणि कोड दोनदा लिहायचा नाही हे आमच्या अंगात भिनलेलं! पण दिसायला सारख्या असलेल्या ओळी वेगवेगळ्या कारणांनी बदलत असतील, तर त्यांना एकत्र बांधून ठेवणं महाग पडतं. तुमचं ते म्हणणं आज मी नव्या मुलांना सगळ्यात आधी सांगते.

मग बाणांचा कागद. कोणतं मॉड्यूल कुणाला इम्पोर्ट करतं, म्हणजे कुणाचा कोड मागवून वापरतं, ते तुम्ही पेन्सिलीनं काढलंत, तेव्हा दिसलं की संकलन कॉमनला बोलावतं आणि कॉमन परत संकलनाला. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत असं झालं की अर्धवट तयार झालेलं मॉड्यूल हाती येतं. आमच्याकडे ते इम्पोर्ट फंक्शनच्या आत लपवून भागवलेलं. आता बाण एकाच दिशेनं जातात आणि इम्पोर्ट-लिंटर नावाचं साधन ते प्रत्येक बदलाला तपासतं. चुकीचा बाण आला की बिल्ड, म्हणजे कोड जुळवून तयार करण्याचं काम, तिथंच थांबतं.

आमच्यातल्या एकाला मग प्रत्येक फंक्शनचं स्वतंत्र पॅकेज करायची हौस आली. तुम्ही मार्च २०१६ मधली लेफ्ट-पॅडची हकिकत सांगितलीत: ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यावरून काढून घेतलं आणि जगभरातली बिल्ड्स कोसळली. शिवाय आमचा सगळा कोड एकाच गिट रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) आहे, मग प्रत्येक तुकड्याला आवृत्ती क्रमांक देऊन ते सांभाळत बसायचं कशाला? हा तुमचा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. कुठं थांबायचं हे सांगणारी माणसं कमी भेटतात.

परवा एका संस्थेचा संघ बदलला. नवा स्थिरांक, नवं दरपत्रक. बदल ‘दर’ मॉड्यूलपुरता राहिला, बाकीच्या कोडला हात लागला नाही, आणि बिलं वेळेवर निघाली. उत्पादकांच्या हातात पैसे ठरल्या दिवशी पडले. याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

कॉमनमध्ये आता तारखा आणि सभासद क्रमांक एवढंच उरलं आहे. मराठी छपाईचं वेगळं मॉड्यूल केलंय, पण पावती आणि अहवाल यांचा त्यातला गुंता पुरता सुटलेला नाही. पुढच्या सुट्टीत आलात की तेवढं एकदा डोळ्याखालून घाला.

आपली कृतज्ञ,
राजारामपुरीतल्या टीममधली एक