बलिदान कसले? चॅफच नव्हते!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘विराट’वरचा, म्हणजे फॉकलंडच्या युद्धात लढलेल्या पूर्वीच्या ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मीस’वरचा, लेख वाचला. लेख भावपूर्ण आहे, फोटोही झकास. पण तिसऱ्या रकान्यात ‘हर्मीसवर चालून आलेली दोन क्षेपणास्त्रे अटलांटिक कन्व्हेयर या साध्या मालवाहू जहाजाने आपल्या अंगावर झेलली आणि बलिदान दिले’ असे वाक्य आले आणि चहाचा कप खाली ठेवावा लागला. एका वाक्यात तीन चुका म्हणजे कमालच. ‘अंगावर झेलली’ चूक, ‘बलिदान’ चूक आणि ‘साध्या’ तर फारच चूक.

२५ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानांनी जी एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडली, ती पाण्यालगत येणारी. शेवटच्या टप्प्यात त्यांचे स्वतःचे रडार चालू होते आणि समोर जे ठळक दिसेल ते पकडते. पुढे आहे ती हर्मीस की कन्व्हेयर, हे त्या रडारला कळत नाही. ॲम्बुस्केड या फ्रिगेट जातीच्या ब्रिटिश युद्धनौकेने वेळेत चॅफ उडवले. चॅफ म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या काचतंतूंचे केसासारखे बारीक तुकडे. हवेत त्यांचा ढग झाला की रडारवर तो जहाजाएवढा दिसतो. क्षेपणास्त्र ढगाकडे वळते, आत आपटायला काही सापडत नाही, मग पलीकडून बाहेर पडते आणि पुन्हा शोधू लागते. त्या दिवशी पलीकडे पहिली मोठी वस्तू होती ती कन्व्हेयर. त्याच्यावर चॅफ उडवायची नळकांडी असती तर त्यानेही आपला ढग केला असता. नव्हती. आरमाराच्या दिमतीला घेतलेल्या व्यापारी जहाजावर असली साधने बसवणे कायद्यात बसते का, याचा कीस काढला जात होता. कीस निघेपर्यंत जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये पोचलेसुद्धा. याला आपले लेखक बलिदान म्हणतात! बळी म्हणा, चालेल.

आता ‘साधे’. क्यूनार्ड कंपनीचे हे जहाज १९७० पासून अटलांटिकवर कंटेनर आणि गाड्यांची ने-आण करत होते. इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या गोदीत जेमतेम नऊ-दहा दिवस मिळाले. तेवढ्यात पुढे आणि मागे हेलिकॉप्टर उतरायच्या जागा तयार केल्या, वरच्या डेकच्या दोन्ही कडांना कंटेनर एकावर एक चढवून भिंती उभ्या केल्या आणि मधल्या बोळात विमाने उभी करायची सोय केली. कंटेनर नुसते आडोशाला नव्हते, त्यांच्यात सुटे भाग आणि सामान भरलेले होते. २५ एप्रिलला जहाज निघाले. वाटेतल्या असेन्शन बेटावर ८ सी हॅरियर आणि वायुदलाची ६ हॅरियर विमाने चढली. खाऱ्या वाऱ्याने यंत्रांची वाट लागू नये म्हणून विमाने प्लास्टिकच्या खोळीत गुंडाळून साखळ्यांनी डेकला जखडली होती. हॅरियर उभे उडते, म्हणून ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या पंखांनी, विमानवाहू नौकांवर गेली. हर्मीसवरच्या ज्या हॅरियरांचे आपल्या लेखात एवढे गुणगान आहे, त्यांतली काही या ‘साध्या’ जहाजाने तिथवर नेली होती, हे लेखकाला ठाऊक दिसत नाही.

चिनूक या जड माल उचलणाऱ्या हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी. चिनूकला दोन रोटर, प्रत्येकाला तीन पाती, एकेक पाते सुमारे नऊ मीटर लांब. प्रवासात ती काढूनच ठेवावी लागतात, नाहीतर डेकवर जागा पुरत नाही आणि वाऱ्याने पाती आपटतात. परत बसवायची तर क्रेन हवी, वारा पडलेला हवा आणि जहाज फार हलता कामा नये. पाते लटकलेले असताना जहाज डोलले तर ते घड्याळाच्या लंबकासारखे झुलते, आणि ते बोल्टच्या भोकांवर अचूक बसवायचे असते. बसवल्यावर दोन्ही रोटर जुळवून उडवून पाहावे लागतात, कारण त्यांचे फिरण्याचे वर्तुळ एकमेकांत शिरते. हे काम तासाभराचे नव्हे. चिनूक पाच चढवली होती, एक असेन्शनला ठेवले. उरलेल्या चारांपैकी हल्ल्याच्या वेळी हवेत होते ते एकच, ब्राव्हो नोव्हेंबर. बाकीची तीन जहाजासोबत गेली. वेसेक्स हेलिकॉप्टरे गेली, एक लिंक्स गेले. चार हजारांहून जास्त सैनिकांचे तंबू गेले, हॅरियरसाठी कच्ची धावपट्टी टाकायच्या धातूच्या पट्ट्या गेल्या.

कुठल्याही गोदीतला जुना टॅली क्लार्क (मालाची मोजदाद ठेवणारा कारकून) सांगेल की व्यापारी भरणी आणि लढाईची भरणी या दोन वेगळ्या विद्या आहेत. व्यापारी जहाजात दिसेल ती फट भरायची, रिकामी जागा म्हणजे भाड्याचा तोटा. तरीही पेट्या, पिंपे आणि जहाजाची वाकडी कड यांच्यात दहा-पंधरा टक्के जागा वाया जातेच. लढाईच्या भरणीत त्याहून कितीतरी जास्त जागा जाणूनबुजून मोकळी सोडतात, कारण जे किनाऱ्यावर आधी लागणार ते सर्वांत शेवटी चढवायचे असते आणि त्याच्यावर दुसरे काही ठेवता येत नाही. दारूगोळा आणि इंधन शेजारी ठेवायचे नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे एका जातीचा माल एकाच खणात, एकाच जहाजात भरायचा नाही. प्रत्येकात थोडे तंबू, थोडी पाती, थोडे पाने-पक्कड, थोडा दारूगोळा. मग एक जहाज गेले तर सगळ्यातले थोडे जाते, एखादी गोष्ट साफ जात नाही. कन्व्हेयरच्या बाबतीत हा नियम मोडला. तोही अज्ञानामुळे नव्हे. एवढ्या मोठ्या सपाट डेकचे जहाज घाईत दुसरे हाताशी नव्हते. त्याच्या जोडीचे अटलांटिक कॉजवे मागून येत होते. तेव्हा जड वजन उचलणारी त्या सागरातली झाडून सगळी हेलिकॉप्टरे एका डेकवर आणि त्यांची अवजारे, सुटे भाग, माहितीपुस्तके त्याच जहाजाच्या पोटात. मी तरी दोष द्यायचा तो इथेच देईन.

माल आधी का उतरवला नाही, असा प्रश्न पडू शकतो. ब्रिटिश सैन्य फॉकलंडवर जिथे उतरले त्या सान कार्लोसच्या खाडीत दिवसा विमानांचा मारा होता. त्याच २५ मेला कॉव्हेंट्री ही विनाशिका बाँबांनी बुडाली. म्हणून पुरवठ्याची जहाजे रात्री आत घ्यायची ठरले होते आणि कन्व्हेयर त्याच रात्री आत जाणार होते. शिवाय हे जहाज मागच्या बाजूने धक्क्यावर फळी टाकून गाड्या उतरवण्यासाठी बांधलेले. सान कार्लोसला धक्का कुठला? सगळे तराफ्यांवर आणि हेलिकॉप्टरच्या दोरीला लटकवून.

मार बसला तो डाव्या बाजूला, मागच्या भागात. स्फोटापेक्षा घात केला आगीने. गाड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवता याव्यात म्हणून अशा जहाजाच्या डेकवर आडव्या भिंती जवळजवळ नसतात. गाड्यांना जे सोयीचे तेच धुराला सोयीचे. आत इंधन भरलेली वाहने, केरोसीन, क्लस्टर बाँब. मालाच्या डेकवर कार्बन डायऑक्साइड सोडून आग गुदमरवायची सोय अशा जहाजांत असते, पण ती बंद जागेत चालते. कुशीला भगदाड पडल्यावर वायू बाहेर जातो आणि हवा आत येते. थोड्या वेळात जहाज सोडावे लागले. ॲलॅक्रिटी फ्रिगेटने चिकटून उभे राहत माणसे उचलली. १२ जण गेले, सगळे खलाशी नव्हेत (आपल्या लेखात ‘जहाजासह सर्व खलाशी’ असे छापले आहे). त्यांत जहाजाचे कप्तान इयान नॉर्थ होते, ते पाण्यात उतरल्यावर गेले. आरमाराचे कॅप्टन मायकेल लेयर्ड त्याच जहाजावर होते, ते वाचले. जळका सांगाडा २८ मेला बुडाला.

परिणाम जमिनीवर झाला आणि तोच आपल्या लेखात शून्य आहे. १०५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा काडतुसासकट वीस किलोच्या घरात धरा. पाचशे गोळे म्हणजे दहा टन. चिनूकची ही एक खेप, सी किंग या लहान हेलिकॉप्टरच्या चार. तीन चिनूक गेल्यावर सी किंगांना आधी तोफा आणि गोळे वाहायचे होते, माणसांची पाळी नंतर. म्हणून २७ मेला सैनिक सान कार्लोसहून पायी निघाले. फॉकलंडची राजधानी स्टॅन्लेपर्यंत ऐंशी-नव्वद किलोमीटर, पाठीवर पन्नास किलोच्या घरातले ओझे, खाली घोटाभर रुतणारी ओली पीटची जमीन, वर हिवाळा आणि तंबू समुद्राच्या तळाशी. उरलेले एकटे ब्राव्हो नोव्हेंबर ना सुटे भाग ना पुरेशी अवजारे अशा अवस्थेत उडत राहिले. एका खेपेत त्याने ८१ सैनिक नेले, तेही उभे दाटीवाटीने. बसण्याची सोय चाळीस-पंचेचाळीसांची असते.

जाता जाता, ‘सुमारे १५ हजार टन वजनाचे जहाज’ हेही चूक. व्यापारी जहाजाचे नोंदणी टन वजनाचे नसतात, जागेचे असतात. एक टन म्हणजे १०० घनफूट. १५ हजार टन म्हणजे १५ लाख घनफूट पोकळी. युद्धनौकेचे टन मात्र वजनाचे. हर्मीस आणि कन्व्हेयर यांची टनात तुलना करणारी चौकट म्हणजे लिटर आणि किलोमीटर यांची बेरीज. याच चुकीबद्दल मागच्या वर्षी नौदल दिनाच्या अंकानंतरही लिहिले होते. ते पत्र छापले नाही, ठीक आहे, पण वाचायला तरी हवे होते.

‘विराट’बद्दल आदर मलाही आहे. हर्मीस १२ मे १९८७ ला आपली झाली, ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली, मालवणजवळ निवती खडकापाशी तिचे संग्रहालय व्हावे म्हणून २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला आणि शेवटी तिला अलंगला भंगारात जावे लागले, याची हळहळ लेखात पानभर आहे. असू द्या. त्यातल्या चार ओळी कमी करून कन्व्हेयरच्या पोटात काय होते ते लिहिले असते, तर फॉकलंडचे युद्ध १४ जूनपर्यंत का रेंगाळले ते वाचकाला कळले असते.

चूक-दुरुस्ती छापणार असाल तर मृतांचा आकडा आणि टनाचा घोळ एवढे दोन तरी घ्या. ‘बलिदान’ शब्द लेखकाला फारच आवडला असेल तर राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, माझगाव, मुंबई

ता. क. : पान दोनवरचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक महिन्याभरापासून गायब आहे. त्या जागी दुसरे राशिभविष्य आले आहे, पहिले पान सातवर असतानाच. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की इथल्या गटारांचे पाणी उलटे वर येते. पावसाळ्यापुरते तरी ते परत द्या.