फक्त हॅसलब्लाडच कशाला, मामियाकडेही बघा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत फिल्म कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला, आवडला, पण मिडियम फॉरमॅट (नेहमीच्या ३५ एमएमपेक्षा मोठ्या फिल्मचे कॅमेरे) म्हटलं की हॅसलब्लाड आणि रोलायफ्लेक्स एवढ्यावरच गाडी थांबते याचं वाईट वाटलं. वडिलांच्या स्टुडिओतला मामिया सी ३३० मी पंधरा वर्षं वापरतोय म्हणून लिहितो.

हा कॅमेरा १९६९ साली आला. दोन डोळ्यांचा, म्हणजे वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालच्या लेन्सने फोटो काढायचा. असे कॅमेरे ढीगभर निघाले पण लेन्स बदलता येणारे फारच थोडे, आणि मामियात तर ५५ एमएमपासून २५० पर्यंतच्या लेन्स मिळतात. दोन्ही लेन्स एकाच पाटीवर असतात, शटरही तिथेच, त्यामुळे एखादं शटर बसलं तरी दुसरी जोडी लावून काम चालू राहतं, शिवाय फ्लॅश १/५०० सेकंदाच्या शटरलाही चालतो.

पण मला या कॅमेऱ्याचं वेड लावलं ते लेन्सची पाटी पुढेमागे करणाऱ्या त्याच्या भात्याने. पेटीच्या भात्यासारखा तो उलगडतो आणि साध्या ८० च्या लेन्सने सुद्धा इतकं जवळ जाता येतं की आजीच्या बोटांतली जपमाळ अख्ख्या फ्रेममध्ये भरते, मण्यांवरचे चरे दिसतात. मात्र दोन लेन्समध्ये ५ सेंटिमीटरचं अंतर असल्याने जवळून काढताना वरची लेन्स जे दाखवते ते खालची टिपत नाही. वरून बघायच्या काचेत एक काटा सरकतो, फ्रेमची वरची कड कुठे आली आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, किती वाढवायचं ते सांगतो. जपमाळेच्या वेळी मी तो बघितला नाही, वरचे मणी कापले गेले, आणि आता आजी नाही.

वजन लेन्ससकट पावणेदोन किलोच्या आसपास, मान दुखते. उजेड मोजायचा मीटर नाही. हॅसलब्लाडसारखी अर्ध्या रोलवर बॅक, म्हणजे मागची फिल्मची पेटी, बदलता येत नाही, १२ फोटो संपवायचेच. लग्नाच्या धावपळीत हे जड जातं हे मान्य. पण समोर माणूस बसवून निवांत फोटो काढायचा असेल तर मी हाच घेईन, कारण फोटो काढताना आतला आरसा हॅसलब्लाडसारखा उडत नाही, बटण दाबतानाही चेहरा दिसत राहतो आणि आपण मान खाली घालून बघत असल्यामुळे समोरचा अवघडत नाही.

गावोगावच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर असे कॅमेरे पडून असतील. भंगारात द्यायच्या आधी एवढं करा, शटर १ सेकंदावर लावून आवाज ऐका, अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून उजेडाचे ठिपके दिसतात का बघा, आणि लेन्सला बुरशी आहे का तेही तपासा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. भात्याची बारीक भोकं काळ्या रंगाने बुजतात, माझ्याच्या कोपऱ्यात मी अशी तीन बुजवलीत आणि अजून एकही रोल उजेडाने खराब झालेला नाही.

– एक वाचक, सातारा