मुलांची पुस्तके जाणणारी माणसे हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपल्या सोलापुरातील शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. ग्रंथदिंडी निघते, मुले पुस्तके हातात धरून मैदानात रांगेने बसतात, पाहुणे वाचनाचे महत्त्व सांगतात. मी एकतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होते आणि असे कितीतरी कार्यक्रम मी स्वतः घडवून आणले आहेत. त्यामागच्या तळमळीविषयी मला आदरच आहे. मात्र सोळा तारखेला ती पुस्तके कुठे असतात, हा प्रश्न मला नोकरीत असताना छळत असे आणि निवृत्तीनंतरही तो सुटलेला नाही. त्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून चार शब्द लिहावेत, असे फार दिवस मनात होते.

मी ज्या शाळांमध्ये काम केले, त्यांपैकी एका शाळेत मुलांच्या पुस्तकांनी भरलेले लोखंडी कपाट होते. त्याची किल्ली कार्यालयातील टेबलाच्या खणात असे आणि तो खणही कुलूपबंद असे. कारण साधे होते. प्रत्येक पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदवलेले, आणि तपासणीच्या वेळी एखादे पुस्तक कमी भरले किंवा फाटलेले आढळले, तर त्याचे उत्तर ज्याच्या नावावर कपाट त्याने द्यायचे. अशा वेळी कोणताही सरळमार्गी माणूस कपाट बंदच ठेवील. मी त्या सहकाऱ्यांना दोष देत नाही. त्यांना पुस्तक सांभाळण्याची जबाबदारी दिली होती, वाचून घेण्याची दिली नव्हती. समग्र शिक्षा अभियानातून शाळांच्या ग्रंथालयांसाठी दरवर्षी पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तके मुळीच येत नाहीत, असेही म्हणता येत नाही. ती येतात, त्यांच्यावर शिक्का बसतो, क्रमांक पडतो आणि दार लागते.

पुढे एका मुख्याध्यापकांनी विश्वासाने ती किल्ली माझ्या हाती दिली आणि मुलांना पुस्तके घरी नेऊ देण्याची मुभा दिली. तिसरीतील एका मुलीने नेलेले पुस्तक आठवड्याने परत आले, तेव्हा त्याच्या पानांना तंबाखूचा वास येत होता आणि खुणेसाठी आत तेंदूच्या पानाची कातरलेली पट्टी घातलेली होती. शाळा पूर्व भागातली. त्या भागात घरोघरी बायका विड्या वळतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मी एका संध्याकाळी सहज तिच्या घरी गेले. उंबऱ्याशी आई, मावशी आणि आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या आणि ही मुलगी मध्ये बसून दुसरे पुस्तक मोठ्याने वाचत होती. एक पान मराठीत वाचायचे, मग तेच आजीसाठी तेलुगूत सांगायचे, मग पान उलटून चित्र तिघींना दाखवायचे, असा तिचा क्रम होता. बायकांचे हात क्षणभरही थांबत नव्हते, कारण विड्यांचा हिशेब हजारावर असतो. गोष्टीतले वासरू कळपातून चुकले, तेव्हा मात्र आजीचे हात थांबले, आणि तिने तेलुगूत काही विचारले. मुलीने मला सांगितले, "आजी म्हणती, आईला घावतंय का नाही ते आधी सांग."

त्या घरात त्या संध्याकाळी मूल आणि पुस्तक एकत्र आले होते आणि मुलीच्या मागोमाग तीन मोठ्या बायकाही पुस्तकाशी आल्या होत्या. मला आनंद झाला, पण थोडी लाजही वाटली. ते पुस्तक मी तिला जाणीवपूर्वक दिले नव्हते, ते वरच्या फळीवर हाताशी होते म्हणून दिले होते. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाला मी दिलेले पुस्तक न उघडता परत आले होते. एक पुस्तक का लागू पडले आणि दुसरे का नाही, हे मला सांगता येत नव्हते. ज्या पदविकेच्या आधारे मला नोकरी मिळाली, तिच्यात भाषा कशी शिकवावी हे होते. मुलांसाठी लिहिलेली पुस्तके कशी वाचावीत, कशी निवडावीत, हे कुठेही नव्हते.

माझे सारे म्हणणे याच उणिवेविषयी आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन आहेत. मोठा वाचक आपले पुस्तक स्वतः शोधतो. आठ वर्षांच्या मुलासाठी ते कोणीतरी शोधावे लागते, आणि शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंची ओळख असावी लागते. मुलांची ओळख आमच्या शिक्षकांना पुष्कळ असते. पुस्तकांची ओळख मात्र ज्याने त्याने आपल्या आवडीने करून घ्यायची, अशीच आजवर रीत आहे.

बालसाहित्य हा अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याकडे मनापासून मानले जात नाही. लहान मुलांचे म्हणजे सोपे, आणि सोपे म्हणजे त्यात अभ्यासण्यासारखे काय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वास्तविक मराठीत या विषयाला फार मोठी परंपरा आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि त्यातून चरित्रे, कविता, निबंध आणि शास्त्रीय विषय मुलांसमोर ठेवले. वा. गो. आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. या तीन मासिकांचे अंक शेजारी शेजारी ठेवले, तरी मराठी माणूस आपल्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहत आला, त्याला काय सांगावेसे वाटले आणि काय लपवावेसे वाटले, याचा एक प्रबंध होईल. मालतीबाई दांडेकर यांनी बालसाहित्याची रूपरेखा पुस्तकरूपाने मांडली, त्यालाही अनेक दशके लोटली. विंदा करंदीकरांच्या काव्यावर आपल्याकडे किती लिहिले गेले आहे. पण त्यांनी मुलांसाठी जी विपुल कविता लिहिली, तिच्या वाट्याला त्यातले कितीसे आले? एकाच कवीच्या कवितेची अशी वाटणी मला पटत नाही.

बाहेर देशी या अभ्यासाला संस्थांचे बळ मिळालेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत येला लेपमन या बाईंनी देशोदेशींकडून मुलांची पुस्तके मागवली, त्यांचे प्रदर्शन भरवले आणि १९४९ मध्ये म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे केले. तिथे मुले वाचतात आणि अभ्यासकही येऊन बसतात. अन्नाची आणि निवाऱ्याची भ्रांत असताना ज्यांना हे सुचले, त्यांचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

अभ्यास म्हणजे काय, असे कोणी विचारील, म्हणून माझा एक लहानसा अनुभव सांगते. शनिवारी शेवटच्या तासाला मी गोष्ट वाचून दाखवीत असे आणि त्या वेळी मुलांचे काय होते, ते नंतर वहीत टिपून ठेवीत असे. दुसरीतला एक मुलगा नेहमी माझ्या अगदी जवळ बसे. गोष्ट संपून तात्पर्याचा परिच्छेद आला की तो आपला तळहात पानावर ठेवी आणि म्हणे, "बाई, आता नगा वाचू. गोष्ट संपली की." सुरुवातीला मी त्याचा हात बाजूला करून तात्पर्य पूर्ण वाचले. नंतर वही चाळताना ध्यानात आले, की ज्या ज्या दिवशी मी तात्पर्य वाचले, त्या दिवशी मुलांनी गोष्टीविषयी काही विचारले नव्हते. जेव्हा मी त्याच्या तळहाताशी थांबले, तेव्हा कोल्हा नंतर कुठे गेला, म्हातारीला मुले नव्हती का, असे प्रश्न आले आणि एकदा तर वाद घंटा होईपर्यंत चालला. आणखी एक गोष्ट मला वहीनेच शिकवली. कोकण, समुद्र, फणस हे आमच्या मुलांना परके, म्हणून अशा गोष्टी त्यांना भावणार नाहीत, असे मी धरून चालले होते. मुलांना समुद्राची मुळीच अडचण झाली नाही. त्यांची वाट अडली ती चित्र आणि मजकूर यांचा मेळ नसलेल्या पुस्तकांत. मजकुरात शेळी पांढरी आणि चित्रात काळी असली, की त्यांचा लेखकावरचा विश्वासच उडे. पुस्तके विकत घेणाऱ्या मोठ्यांना अशा गोष्टी दिसत नाहीत, कारण मोठी माणसे चित्रे वाचत नाहीत.

आपल्या शहरापुरता या अभ्यासाचा एक पैलू फार महत्त्वाचा आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. मराठी माध्यमाच्या वर्गातील अनेक मुलांची घरची भाषा वेगळी असते. आपण तिला अडचण समजतो. पण त्या तिसरीतल्या मुलीने कोणी न शिकवता दोन भाषांमधून जे वाचन केले, ते पाहिल्यावर मला ते बलस्थान वाटू लागले. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. २००४ मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ पासून स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ चालवले आहे आणि त्यावरील गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्याने मोफत वाचता येतात, छापून घेता येतात आणि भाषांतरितही करता येतात. एकच चित्रमय गोष्ट मराठीत आणि तेलुगूत शेजारी ठेवून वाचली, तर घरची आजी आणि शाळेतली बाई दोघी एकाच पुस्तकाशी येतात. असे वाचन कसे घडते, त्याने मुलांच्या दोन्ही भाषांचे काय होते, हे तपासायला सोलापूरइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

म्हणून माझी पहिली विनंती पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला आणि शहरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना आहे. बालसाहित्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्वतंत्र अभ्यासपत्रिका म्हणून स्थान असावे आणि तिचे निम्मे गुण प्रत्यक्ष कामाला असावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर एका शाळेत जाऊन आठ-दहा मुलांबरोबर वाचावे, नोंदी ठेवाव्यात आणि त्यांच्या आधारे पुस्तकांविषयी लिहावे. हेच विद्यार्थी उद्या शिक्षक, ग्रंथपाल, संपादक आणि आईवडील होतील. दुसरी विनंती शिक्षण विभागाला: वापराने जीर्ण झालेले बालपुस्तक नोंदवहीतून कमी करण्याची पद्धत मुख्याध्यापकांच्या पातळीवर सोपी करावी, म्हणजे कपाट उघडे ठेवण्याची भीती उरणार नाही. पुस्तके विनावापर करकरीत राहिली, तर तपासणीत त्याबद्दल कोणी काही विचारीत नाही, ही गोष्ट बदलावी असे मला कळकळीने वाटते.

आणि एक मागणे आपल्याकडेही आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्यांच्या पुस्तकांची परीक्षणे येतात. तशीच, आठवड्याला एक का होईना, मुलांच्या पुस्तकाची गंभीरपणे केलेली ओळख छापावी. त्यात चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने असावे, अक्षराचा आकार, कागद आणि किंमत यांचाही उल्लेख असावा, आणि ते पुस्तक कोणत्या वर्गातील मुलांबरोबर वाचून पाहिले, तेही लिहावे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालये शहरात आहेत. अशा एखाद्या ठिकाणी महिन्यातून एकदा शिक्षक, पालक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी मुलांची नवी पुस्तके एकत्र वाचण्यासाठी बसावे, असेही सुचवावेसे वाटते. त्यासाठी भाषण, हारतुरे किंवा व्यासपीठ लागणार नाही. एक सतरंजी आणि पंधरा-वीस पुस्तके पुरेत.

शनिवारच्या त्या तासांच्या माझ्याकडे नऊ वह्या आहेत. त्यांत पुस्तकाचे नाव, तारीख, मुलांची संख्या आणि मुले काय म्हणाली, एवढेच आहे. शास्त्रीय शिस्त त्यांत नाही, हे मी जाणून आहे. तरीही एखाद्या मराठी विभागाला किंवा एखाद्या तरुण अभ्यासकाला त्यांचा उपयोग होणार असेल, तर त्या सगळ्या मी देऊ इच्छिते. आपल्या कार्यालयामार्फत कोणी संपर्क साधल्यास मी त्या स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सोलापूर