दुरुस्ती निर्देशांकात दुकानातल्या नोंदी धरा

प्रति,
मा. ग्राहक व्यवहार मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

माझं चोपड्याला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंखे, कूलर, मिक्सर, फवारणी पंपही दुरुस्तीला येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या खात्याने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग आणि माहिती मिळते का, यावर गुण द्यायचे आणि गिऱ्हाइकाला ते विकत घेतानाच दिसायचे. हे फार दिवसांपासून हवं होतं. मात्र अहवालानुसार हे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. ती वस्तू पुढे शिरपूरला किंवा धडगावला खरोखर दुरुस्त झाली का, हे त्यात कुठून कळणार?

बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या पंख्याचंच बघा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, हा तीसेक वॅटमध्ये चालतो. खानदेशच्या उन्हाळ्यात पंखा रात्रंदिवस फिरतो, म्हणून लोकांनी विश्वासाने घेतला. जुन्या पंख्याचा कॅपेसिटर गेला तर कुठल्याही गावात मिळतो आणि दहा मिनिटांत बसतो. यात मात्र सर्किट बोर्ड जातो. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड वेगळा, काहींवर तर राळ ओतलेली, म्हणजे जळलेला सुटा भागही काढता येत नाही. वायंडिंग धड, बेअरिंग धड, तरी अख्खा पंखा भंगारात. वीज वाचवणारी वस्तू अशी वाया जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही गोष्ट माझ्यासारख्या प्रत्येक मिस्तरीला तोंडपाठ आहे, पण कागदावर कुठेच नाही. युरोपात ती कागदावर आली. ॲमस्टरडॅमला २००९ साली पहिला रिपेअर कॅफे भरला. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि जाणकार स्वयंसेवक सोबत बसून त्या दुरुस्त करतात. असे गट ‘ओपन रिपेअर अलायन्स’मध्ये एकत्र आले. वस्तू कोणती, कंपनी कोणती, किती जुनी, बिघाड काय, दुरुस्त झाली का आणि नसेल तर का नाही, हे सगळं ते एकाच पद्धतीने लिहितात आणि सर्वांसाठी खुलं ठेवतात. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भाग मिळाला नाही, भाग फार महाग होता, वस्तू उघडलीच नाही, माहिती नव्हती: प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो. काही ठिकाणी कायदा लागतो, काही ठिकाणी डिंकाऐवजी चार स्क्रू पुरतात.

आपल्याकडे अशी नोंद सुरू करायला नवी यंत्रणा नको. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयमधल्या मुलांनी परिसरातल्या दुकानांत बसून मराठीत नोंदी घ्याव्यात. मिस्तरीला हातातलं काम टाकून फॉर्म भरायला लावू नका. ग्राहकाचं नाव, फोन नंबर काही नको.

आणखी एक. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती हक्काचं पोर्टल सुरू झालं, तेव्हा त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक शेती अवजारांचं होतं. निर्देशांक मात्र अहवालात स्मार्टफोन आणि टॅबपासून सुरू करायला सांगितला आहे. मोबाइल महत्त्वाचा आहेच, पण कपाशीवर अळी पडली असताना बॅटरीचा फवारणी पंप बंद पडला तर शेतकऱ्याला आठवडाभर थांबता येत नाही. पंप हंगामानंतर महिनोन्‌महिने कोठीत पडतो, चार्जिंगविना बॅटरी बसते. ती बाजारात मिळणाऱ्या मापाची असेल आणि सहज बदलता येत असेल, तर पंप वाचतो. तेव्हा पुढच्या टप्प्यात फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी, पंखे आणि कूलर घ्या.

निर्देशांकाचे गुण दरवर्षी या नोंदींशी ताडून पाहावेत. सुटा भाग मिळतो असं कंपनीने लिहिलं असेल आणि नोंदींत ‘भाग मिळाला नाही’ असंच पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या वस्तूचे गुण कमी करावेत आणि ते कारणासकट जाहीर करावं.

आपला,
एक वायंडिंग मिस्तरी
चोपडा, जि. जळगाव