सूचना : रविवारची प्लॅस्टिक विमान-मॉडेल बैठक

सभासद मंडळींनो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता, सात रस्त्याजवळ नेहमीच्या जागी. दुपार नकोच, सोलापूरच्या उन्हात अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो.

वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा किट हातात घेणाऱ्यांनी थेट १:३२ च्या (खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या) जेटवर उडी मारू नये. १:७२ चं नॅट (छोटं लढाऊ जेट) घ्या. लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, पुरं तरी होतं. माळ्यावर शाळेतलं अर्धवट किट असेल तर तेच आणा. डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) पिवळे पडलेत? पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवा, उजळतात (ऊन आपल्याकडे फुकट). पाण्यात टाकण्याआधी वरून क्लिअर लॅकर मारा, नाहीतर तुकडे होतील. कॉकपिटच्या काचेला सुपरग्लू लावू नका, धुरकटते. तिथं साधा पांढरा फेव्हिकॉल. कटर, पॉलिश पेपर आपापला आणावा. मागच्या वेळी माझा परत आला नाही.