पिन्सापोच्या जागी सुरू!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला स्पेनच्या पिन्सापो या सूचिपर्णी वृक्षावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्राला त्या झाडाची आठवण झाली, आनंद आहे. पण सोबतचा फोटो सुरूच्या झाडाचा आहे हो! गुहागरच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. सुरूची हिरवी काडी ओढा, सांध्याशी पटकन सुटते. तिथे जे बारीक दात दिसतात, तीच तिची पानं. सूचिपर्णी वृक्षांशी तिचं नातं एवढंच, की लांबून तशी दिसते.

फोटो एक वेळ सोडा. ‘दुष्काळात वाढवलयं अरुंद झाली आणि झाडं वाळली’ एवढ्यावर लेखकाने विषय गुंडाळला. खोडात दर वर्षी पडणारी ही वलयं काय, पट्टीनेही मोजता येतात. खरी भानगड वलयाच्या आत आहे. या झाडांत पाणी वर चढतं ते वाहिनिका नावाच्या लांबट, पोकळ पेशींतून. पेशी कोवळी असताना तिला फुगायला पाणी लागतं. ते मिळालं नाही की ती चिंचोळीच राहते. पोकळीचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच ताणाखाली तिच्यातून जाणारं पाणी निम्मं नव्हे, सोळावा हिस्सा उरतं! त्यात ताण वाढून हवेचा बुडबुडा शिरला की ती वाट बंद. स्पेनमधल्या मालागाच्या डोंगरांत खालच्या उतारावरची झाडं आधी का खंगली, याचा माग खोडातून लाकडाची पेन्सिलीहून बारीक कांडी काढून, वर्षावर्षाच्या पेशी मोजून लागतो. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. सिएरा दे लास निएवेस, म्हणजे तिथलीच डोंगररांग, २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं हे तुम्ही ठळक छापलंत. उद्यान जाहीर केल्याने पाऊस पडतो का?

पण हे आता शिकवणार कोण, आणि कशावर? मी जिथे आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार म्हणून प्रयोगशाळा ‘चकाचक’ झाली. मायक्रोटोम, म्हणजे पातळ छेद कापायचं यंत्र, भंगारवाल्याला किलोच्या भावाने गेलं. देवदार, चीड, कैल या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचे पातळ छेद घेऊन, सॅफ्रॅनिनने लाल रंगवून केलेल्या काचपट्ट्याही खोक्यांसकट गेल्या. आमच्या सहायकाने सुबक अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या त्यांवर. विचारलं तर उत्तर, ‘सर, यूट्यूबवर सगळं आहे.’ असेल बुवा! त्या कपाटाच्या जागी आता स्मार्ट बोर्ड आहे. मी गेलो तेव्हा त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे चिकटवले होते.

दुरुस्ती छापणार असाल, तर फोटो या वेळी कोणाला तरी दाखवून घ्या. आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही, तेवढं बघा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, चिपळूण